पीसी घ्यावा की कन्सोल? खिशात हात घालण्याआधी

परवा भाच्याचा व्हॉट्सॲप आला. फोटोत काचेचं कॅबिनेट, आत रंग बदलत फिरणारे चार पंखे आणि खाली मजकूर: ‘आय-७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त १८,५००.’ त्याखाली त्याचा प्रश्न: ‘मामा, हा घेऊ की अजून पैसे साठवून पीएस-फाइव्ह?’

पीएस-फाइव्ह म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल. या प्रश्नाचं उत्तर एका मेसेजमध्ये मावत नाही. दर दिवाळीला आणि दर बारावीच्या निकालानंतर कुणीतरी तो विचारतंच, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो. त्या फोटोकडे पुढे येऊच.

पहिलं काम: खेळांची यादी

दुकान, यूट्यूब, बेंचमार्क सगळं बाजूला ठेवा. एका कागदावर येत्या वर्षात खरोखर खेळणार असे पाच गेम लिहा आणि प्रत्येकापुढे कुणाबरोबर खेळणार ते लिहा. निम्मा निर्णय इथेच होतो.

यादीत काउंटर-स्ट्राइक २ असेल तर चर्चा संपली. तो कन्सोलवर नाहीच. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला खरा, पण कन्सोलवाले आणि पीसीवाले एकमेकांसोबत खेळू शकत नाहीत. कॉलेजचा सगळा ग्रुप पीसीवर असेल तर तुमच्या पीएस-फाइव्हवरचा व्हॅलोरंट म्हणजे गावजेवण सोडून घरी एकट्याने जेवणं. स्ट्रॅटेजी गेम, मॉड्स (खेळाडूंनी स्वतः बनवलेले बदल) टाकून खेळायचे गेम, माउसशिवाय अडणारे गेम हा सगळा पीसीचा प्रांत आहे.

उलट यादीत फुटबॉल असेल, सुटीत चार मावसभाऊ जमून एका सोफ्यावर आळीपाळीने खेळणार असतील, तर कन्सोलसारखं सुख नाही. बटण दाबलं की मिनिटभरात खेळ सुरू. ड्रायव्हर, ‘थांब रे, हे का चालत नाही बघतो’ असली भानगड नाही.

सोनीचे मोठे गेम आधी प्लेस्टेशनवर येतात, पीसीवर आले तर नंतर. ‘गॉड ऑफ वॉर’ २०१८ मध्ये पीएस-फोरवर आला आणि पीसीवर यायला जानेवारी २०२२ उजाडलं. बाहेरच्या कंपन्यांच्या गेमचंही कधीकधी तसंच होतं. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. थांबायची तयारी असेल तर हा मुद्दा सोडून द्या. मायक्रोसॉफ्ट आपले गेम पहिल्या दिवसापासून पीसीवर देते, त्यामुळे त्यांचा एक्सबॉक्स हा कन्सोल घेण्याचं कारणच उरलेलं नाही, असं माझं मत. निंटेंडो ही जपानी कंपनी आपला कन्सोल भारतात अधिकृतपणे विकतच नाही. मिळतो तो बाहेरून आलेला माल, त्याला इथली वॉरंटी नाही.

कन्सोल एवढा स्वस्त कसा?

पीएस-फाइव्हच्या आत एएमडीचा आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर, त्याच कंपनीचं ३६ कम्प्यूट युनिटचं ग्राफिक्स, १६ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी आहे. एक्सबॉक्समधली चिपही एएमडीचीच. म्हणजे कन्सोल हा मुळात एक बंदिस्त पीसीच. एवढीच ग्राफिक्सची ताकद डेस्कटॉपवर हवी तर आरएक्स ६७०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या पंक्तीतलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि त्या एका कार्डातच कन्सोलच्या निम्म्याहून जास्त पैसे जातात.

मग कंपनीला परवडतं कसं? मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लॉरी राइट यांनी साक्ष देताना सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. नफा असतो तो त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या साधारण तीस टक्क्यांत आणि वर्गणीत. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, तसलाच प्रकार.

पीसीच्या बाजारात अशी पदरमोड कुणी करत नाही. कार्डाची चिप एका कंपनीची, ते जोडणारी दुसरी, आयात करणारा तिसरा, डिस्ट्रिब्यूटर चौथा, दुकानदार पाचवा, आणि प्रत्येकाला त्याच व्यवहारात आपला वाटा काढायचा असतो. ‘अमेरिकेत कार्ड २९९ डॉलरला आहे, आपल्याकडे लुटतात’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आकडा मांडून बघा. डॉलर ८५ रुपये धरला तर २५,४१५. तिकडच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आत असतो. तो लावला की २९,९९०. लूट होते तेव्हा होतेच, पण पहिले साडेचार हजार तरी दुकानदाराने खाल्लेले नसतात.

आणखी एक जुना सल्ला आता मोडीत काढा. ‘थांब, कन्सोल स्वस्त होईल.’ पीएस-टू अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरपर्यंत उतरला, तेव्हा तो सल्ला बरोबर होता. पीएस-फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, आणि तीन वर्षांनी त्याचा सडपातळ अवतार आला तो ५४,९९० ला. सणासुदीच्या ऑफरमध्ये काही हजार सुटतात तेवढेच. वाट बघायची तर त्या ऑफरची बघा.

दुसरं काम: खोक्याबाहेरचा खर्च

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. कन्सोलच्या किमतीशी पीसीच्या फक्त खोक्याची, म्हणजे कॅबिनेट आणि आतल्या पार्टची, तुलना होते. घरात काय आहे आणि काय आणावं लागेल, ते आधी लिहा.

कन्सोलला टीव्ही लागतो, तो घरात असतो. पण संध्याकाळी सात ते दहा तो कुणाचा असतो, हेही लिहा. मालिका बंद करायला लावून फुटबॉल खेळणारा पोरगा मी अजून पाहिलेला नाही. त्यासाठी वेगळा मॉनिटर घेतलात तर कन्सोलचा खर्च तिथेच वाढला.

पीसीला मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, विंडोजचं लायसन्स, यूपीएस आणि टेबल-खुर्ची लागते. यातलं काहीच नसेल तर खोक्याच्या किमतीवर वीस-पंचवीस हजार आरामात चढतात.

आता दुसरी बाजू. प्लेस्टेशनवर नवा मोठा गेम अनेकदा ४,९९९ ला असतो. वर्षाला चार घेतले तर १९,९९६, पाच वर्षांत ९९,९८०. एक लाखाला वीस रुपये कमी! वर ऑनलाइन खेळायची वर्गणी (फुकट मिळणारे गेम सोडले तर ती लागतेच). पीसीवर ऑनलाइन खेळायला वर्गणी नाही, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात २०१५ पासून किमती रुपयांत आहेत, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये वर्षभर जुने गेम निम्म्यावर येतात आणि एपिकचं दुकान दर आठवड्याला काही ना काही फुकट वाटतं. मे २०२० मध्ये त्यांनी जीटीए ५ सुद्धा असाच वाटला होता.

पण पीसीवाले एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: डिस्क. पाच हजारांची डिस्क महिनाभर खेळून निम्म्या किमतीला विकता येते किंवा मित्राशी बदलता येते. पीसीवरचा गेम तुमच्या खात्याला चिकटतो, तो कुणाला विकता येत नाही. म्हणून कन्सोल ठरला तर डिस्कवालाच घ्या. बिनडिस्कच्या मॉडेलवर वाचलेले पैसे थोड्याच गेममध्ये परत जातात.

कन्सोलबद्दल सांगायचं एवढंच, कारण त्यात निवडायला फारसं काही नाही. पीएस-फाइव्ह प्रो जगभर आला तेव्हा भारताला वगळलं, कारण त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. कुणी बाहेरून आणून देत असेल तर वॉरंटी कुठे मिळेल ते विचारा आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

पीसी ठरला तर

खरेदी ग्राफिक्स कार्डापासून सुरू करा, कॅबिनेटपासून नाही. एकूण खोक्याच्या बजेटचे ३५ ते ४० टक्के कार्डाला द्या. सत्तर हजारांचं खोकं असेल तर कार्ड पंचवीस ते अठ्ठावीस हजारांचं. साध्या १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर खेळायचं असेल तर आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी किंवा इंटेलचं आर्क बी५८० या गटात बघा. कार्डाची स्वतःची मेमरी आठ जीबीपेक्षा कमी नको. बारा किंवा सोळा थोड्या फरकाने मिळत असेल तर ते घ्या, कारण नव्या गेमना आठ अपुरी पडू लागली आहे.

प्रोसेसर सहा कोअरचा पुरतो. रायझन ५ ५६००, रायझन ५ ७६००, आय-५ १२४००एफ हे दुकानात रोज विकले जाणारे माल आहेत. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड बसवेपर्यंत स्क्रीन काळीच. पैसे कमी असतील तर उलटी चाल खेळता येते. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी घ्या. यांच्या अंगच्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट व्यवस्थित चालतो. कार्ड पुढच्या वर्षी, पहिल्या पगारातून किंवा आजोबांच्या पाकिटातून. कन्सोल असा हप्त्याहप्त्याने घेता येत नाही, पीसीचं खरं बळ इथे आहे. रायझनसाठी मदरबोर्ड घेताना एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती नवी खाच) परवडत असेल तर बघा. जुना एएम४ चांगला होता, पण आता त्याच्यापुढे रस्ता नाही.

रॅमचं सध्या दुखणं आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचंच जाहीर केलं. त्यामुळे जुन्या व्हिडिओतले रॅमचे भाव मनात धरून दुकानात जाऊ नका. १६ जीबीवर भागवा, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. सोळाची एकच पट्टी लावली तर प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातला रस्ता अर्धा बंद राहतो आणि गेम मध्येच अडखळतो.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. इथे जरा थांबतो, कारण हा धडा मी पैसे मोजून घेतलेला आहे. माझ्या पहिल्या असेंबल्ड मशीनला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. स्टिकरवर ठळक ‘५०० वॅट’. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, पण तेव्हा ते कळत नव्हतं. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दिवे दोनदा मंद होऊन परत प्रखर झाले, टेबलाखालून फट्‌ आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, ‘लाइटमुळे झालंय, वॉरंटीत नाही बसत.’ तेव्हापासून मी कुणाच्याही कोटेशनमध्ये सगळ्यात आधी एसएमपीएसची ओळ वाचतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ शिक्का (वीज कमी वाया जाते याची खूण) असलेला, ५५० वॅटच्या आसपासचा घ्या. कॅबिनेटमधले दोन रंगीत पंखे कमी करा, पण इथे कात्री लावू नका.

त्याला जोडून यूपीएस. खोक्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, ते वॅट नव्हेत. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच ओढतो. ४०६० सारखं कार्ड आणि मॉनिटर कसाबसा त्यात बसतो, मोठं कार्ड असेल तर वीज गेल्याक्षणी यूपीएसही हात वर करतो. १००० व्हीएच्या पुढचा बघा. बिलाची काळजी घरच्यांना असेल तर त्यांना सांगा, असं मशीन अडीचशे वॅट धरलं तर चार तासांच्या खेळाला एक युनिट पडतं.

लॅपटॉप? हॉस्टेलवर राहत असाल तरच. त्यातलं ‘४०६०’ आणि डेस्कटॉपमधलं ‘४०६०’ नावाने सारखे, कामाने नाहीत. शिवाय कार्ड पुढे बदलता येत नाही.

तो अठरा हजारांचा फोटो

अशा जाहिरातीत खरं सगळंच असतं, फक्त अर्धं. आय-७ खरा, पण कुठल्या पिढीचा? विचारलं तर बहुधा आय-७ ३७७० निघतो, २०१२ चा, कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातून काढलेला. २०२२ चा साधा आय-३ १२१०० त्याला सहज मागे टाकतो. इंटेलच्या आकड्यात शेवटचे तीन सोडून आधीचा जो भाग असतो, ती पिढी: ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. चार जीबी ग्राफिक्स म्हणजे जीटी ७३०, २०१४ चं कार्ड, नव्या गेमसाठी शोभेचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) शिवाय सुरू होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी मशीन घेतलं, त्याचंच दार बंद होण्याची वेळ येते. पंखे मात्र छान फिरतात.

बाजारात

मुंबईत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, विचारताना कुणी तसं म्हणत नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं. पहिल्या दिवशी पैसे घेऊन जाऊ नका. तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर असलेलं. ‘८ जीबी कार्ड, ५१२ एसएसडी’ एवढंच लिहून देणाऱ्याला नमस्कार करून पुढचं दुकान गाठा. मग घरी बसून तेच पार्ट ऑनलाइन भावाशी पडताळा. गावात एखादा खात्रीचा दुकानदार असेल आणि हजार-दोन हजार जास्त घेत असेल, तर मी त्याच्याकडून घेईन. मशीन बिघडल्यावर रात्री नऊला फोन उचलणाऱ्या माणसाची किंमत ऑनलाइन सवलतीत धरलेली नसते.

जीएसटी बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि ते खोक्यावरच्या नंबरशी जुळवून बघा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणजे वॉरंटी तुमची तुम्ही बघा. कार्डाचं खोकं माळ्यावर टाका, पण फेकू नका.

जुनं कार्ड घेणार असाल तर त्याचा पूर्वेतिहास विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंग केलेलं म्हणजे वाईटच असं नाही, पंखे आणि थर्मल पेस्ट बदलून वर्षानुवर्षं चालतात. पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन, अर्धा तास जड गेम चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज बघूनच पैसे द्या. जुन्या कन्सोललाही तोच नियम, फक्त डिस्क आत-बाहेर करून बघा आणि कंट्रोलरची काडी सोडल्यावर खेळाडू आपोआप चालायला लागत नाही ना, ते तपासा.

घरी आणल्यावर

नवख्यांचे अर्धे फोन पहिल्याच तासात येतात. ‘गेम अडकतोय.’ मी आधी मशीनच्या पाठीमागचा फोटो मागवतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली असते. खाली आडव्या पट्टीत कार्डाचे पोर्ट असतात, केबल तिथे लावायची. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बघा. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर ६० वर पडलेला असतो आणि लोक वर्षभर तसेच खेळतात. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या आतल्या सेटिंगमध्ये) शिरून रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करा, नाहीतर महागाची रॅम कमी वेगाने चालत राहते.

कन्सोलवाल्यांनी टीव्हीचा गेम मोड सुरू करावा. तो बंद असला की बटण दाबणं आणि गोल होणं यात जाणवण्याइतका उशीर लागतो आणि दोष कंट्रोलरला जातो. आणि ते यंत्र शोकेसमध्ये, काचेच्या दारामागे, फ्लॉवरपॉटशेजारी ठेवू नका. मागून गरम हवा बाहेर पडायला जागा लागते.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याची यादी आली: पाचातले तीन गेम पीसीचेच. ताईचा प्रश्न वेगळा होता, ‘त्याला प्रिंटर जोडता येईल ना?’ येईल म्हटल्यावर तिचंही मत पीसीकडे झुकलं. चार दिवसांनी कोटेशनचा फोटो आला. रायझन ५ ७६००, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, कार्ड ठीक, भावही ठीक. सातव्या ओळीत लिहिलं होतं: ‘एसएमपीएस ५०० वॅट, कॅबिनेटसोबत फ्री.’

तेवढ्या ओळीला लाल गोल करून फोटो परत पाठवला.